येणाऱ्यांची बाजू

"बोगद्याकडे नको. वरच्या रस्त्याला घे," नुसरेत म्हणाला आणि मिनीबसमधलं हसणंखिदळणं एकदम बंद पडलं.

इदरिसने गाडी थांबवली, पण वळवली नाही. तो नवऱ्यामुलाचा मावसभाऊ, काळ्या समुद्राकाठच्या चहाच्या मळ्यांतला. बर्फाशी त्याची ओळख लांबूनच. समोर रस्त्याला फाटा फुटत होता. उजवीकडे बोगद्याचा नवा रस्ता, बर्फ वितळायला मीठ मारून काळाभोर ठेवलेला. डावीकडे कारगली घाटाचा जुना रस्ता आणि त्यावर लालपांढरा अडसर. अडसरापलीकडे रस्ता आहे हे फक्त आधीपासून माहीत असलेल्यालाच कळावं, इतका बर्फ साचला होता.

"काका, वर काय ठेवलंय?" इदरिस म्हणाला. "काल ह्याच बोगद्यातून आलो आम्ही. हां हां म्हणता पलीकडे."

"काल आलात म्हणूनच सांगतोय. आलेल्या वाटेनं नवरी नेत नाहीत."

मागे बसलेल्या नवरीने, म्हणजे नुसरेतच्या मुलीने, नेर्मिनने, डोळे मिटून घेतले. "बाबा, मी काय विशीतली पोर आहे का? चाळिशी आली माझी."

"मग? चाळिशीतल्या बाईला नशीब नसतं?"

मुळात नुसरेत गाडीत होता हेच रीतीला सोडून होतं. मुलीच्या बापाने दारात उभं राहायचं, तिला हाताचं चुंबन घेऊ द्यायचं आणि गाडी कोपऱ्यावर वळली की आत जाऊन कुणाला दिसणार नाही असं रडायचं. एर्झुरुमकडचे बाप पिढ्यान् पिढ्या हेच करत आले. पण आज सकाळी ढोल आणि सनई वाजत असताना हा गडी सरळ ड्रायव्हरशेजारी येऊन बसला. "घाटापर्यंत येतो आणि उतरतो," एवढंच बोलला. शेजारणी एकमेकींना कोपरखळ्या मारून हसल्या. नेर्मिनची आई पाकिझे असती तर तिने त्याला बखोट धरून खाली ओढलं असतं. पण ती जाऊन चार हिवाळे झाले होते आणि तेव्हापासून नुसरेतला खाली ओढणारं कुणी उरलं नव्हतं.

नुसरेतने उभा जन्म ह्याच घाटात काढला. रस्तेखात्याची बर्फ सारायची नारिंगी गाडी तो चालवायचा. त्या काळी नोव्हेंबर ते एप्रिल चौकीपाशी रांग लागायची. इराणचे ट्रक, ट्रॅब्झोनच्या बसेस, मेंढ्यांनी भरलेले टेम्पो. शेतीची कामं आटोपली की लग्नं निघायची, म्हणजे नेमकी बर्फातच, त्यामुळे रांगेत एखादी तरी वरात असायचीच. आता वरात ज्या वाटेने नवरी आणायला जाते त्या वाटेने परत येत नाही, वाट बदलते, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण हिवाळ्यात घाट एकच आणि रस्ताही एकच! मग नवऱ्याकडची म्हातारी माणसं नुसरेतच्या गाडीभोवती जमायची. "उस्ताद, काहीतरी कर. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

उस्ताद करायचा. माथ्याच्या अलीकडे लष्कराच्या जमान्यातलं एक जुनं वळण होतं, घाटाचा रस्ता सरळ केल्यावर टाकून दिलेलं. तेवढं तो वरातीसाठी मोकळं करून द्यायचा. खात्याच्या कुठल्याही कागदावर हे काम नव्हतं. वरात मुख्य रस्ता सोडून त्या वळणावरून फिरून यायची. वाट बदलली! मग माथ्यावर ढोल वाजायचा, बायका बर्फात फेर धरायच्या आणि नुसरेतच्या खिडकीतून आत गरम रोट्या आणि अक्रोड यायचे. लोक त्या वळणाला नवरीचं वळण म्हणायला लागले. किती जणींचे संसार त्या वळणावरून गेले हे त्याने कधी मोजलं नाही, पण घाटापलीकडच्या बायबुर्तच्या बाजारात एखादी पोरंबाळंवाली बाई ओळख देऊन हसली की त्याला वाटायचं, ही आपल्यातलीच.

आणि त्याची स्वतःची मुलगी? नेर्मिनचं पहिलं लग्न जूनमध्ये झालं. बायबुर्तचं स्थळ, कापडाचं दुकान. घाट फुलांनी भरलेला, बर्फाचं नाव नाही. नुसरेतची गाडी शेडमध्ये टायर उतरवून उभी. वरात ज्या रस्त्याने आली त्याच रस्त्याने भोंगे वाजवत निघून गेली आणि दुसऱ्यांच्या पोरींची वाट बदलण्यात हयात घालवलेल्या ह्या माणसाच्या ते डोक्यातही आलं नाही. बर्फ नव्हता, मग वाटेचा विचार कोण करतो? पुढे सहा वर्षांनी नेर्मिन अंगावरच्या कपड्यांनिशी परत आली. नवरा हात उचलायचा. तेव्हापासून नुसरेतच्या मनाने एकच घेतलं होतं, की आपण वाट बदलली नाही.

म्हणून आज ही हटवादी बैठक. ह्या खेपेला पोरीचं काही वाकडं व्हायला नको होतं, आणि त्यासाठी त्याला करता येण्यासारखी जगात एकच गोष्ट होती.

"माझं विचाराल तर व्याहीबुवांचं बरोबर आहे," मागून गुलिझार आत्या म्हणाली. ही नवऱ्यामुलाची आत्या. तिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तिला एर्झुरुमच्या इस्पितळात आणलं होतं. नेर्मिन तिथल्या स्वयंपाकघरात कामाला. तिच्या हातचं सूप पिता पिता म्हातारीने आपल्या विधुर भाच्यासाठी ती हेरून ठेवली. "बोगदा म्हणजे काय रस्ता झाला? मी तर डोळे गच्च मिटून बसले होते काल. लग्नाच्या गाडीनं जमिनीखालून जायचं, हे कसलं लक्षण!"

"आत्या, पुढे अजून दोन घाट आहेत," इदरिस कळवळून म्हणाला. "अंधाराच्या आत समुद्र गाठायचाय."

"समुद्र कुठं पळून चाललाय?"

सगळ्यांनी नवऱ्यामुलाकडे पाहिलं. इल्यास चहाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करणारा, जाड मिशांचा, फारसं न बोलणारा माणूस. त्याने नेर्मिनकडे पाहिलं, मग सासऱ्याच्या पाठीकडे.

"बाबा, रस्ता होईल का पण? मला तर समोर नुसता डोंगर दिसतोय."

"ते माझ्यावर सोडा, जावईबापू."

"सोडलं," इल्यास म्हणाला. "इदरिस, घे वर."

अडसराशेजारच्या चौकीत यावुझ एकटाच होता, शेगडीवर किटली चढवून. नुसरेतच्या हाताखाली शिकून तयार झालेला, आता स्वतःच केस पिकायला आलेला. उस्तादला पाहून तो उठून उभा राहिला. पण उस्तादची मागणी ऐकून पुन्हा खाली बसला.

"वरून हुकूम आहे. ह्या साली घाट उघडायचा नाही. गाडी ठेवलीय ती बोगद्याच्या तोंडासाठी."

"मग ती मोकळीच आहे."

"मोकळी कशी? उद्या वर काही झालं तर माझी नोकरी जाईल, उस्ताद."

नुसरेतने ह्यावर वाद घातला नाही. तो शेगडीपाशी बसला, एर्झुरुमच्या रीतीने साखरेचा खडा दातात धरून चहा पीत राहिला. बाहेर गुलिझार आत्या गाडीतून उतरून लाल ओढणीतल्या नवरीला हाताला धरून खिडकीसमोरून मुद्दाम दोनदा फिरवून गेली. यावुझने ते पाहिलं. पाहणार नाही तर काय, खिडकी एकच होती.

"नेर्मिन का ही?" त्याने विचारलं. "आपली?"

"आपलीच."

यावुझने कपाळ चोळलं. मग उठून टोपी घातली. "मी जरा बोगद्याकडचे दिवे बघून येतो. गाडीला कुलूप नाही. वायरलेस चालू ठेवा. आणि उस्ताद, डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना तुमच्या?"

"दोन्ही."

"मग मी काही बघितलं नाही," यावुझ म्हणाला. "तुम्ही नीट बघा म्हणजे झालं."

मिनीबसच्या चाकांना साखळ्या चढवल्या. नुसरेत नारिंगी गाडीच्या पायरीवर पाय ठेवून वर चढला, बसला आणि हात आपोआप जिथे जायचे तिथे गेले. इंजिन सुरू झालं तशी सगळी केबिन डिझेलच्या वासाने भरली. त्याला वाटलं, आता दरवाजा उघडून पाकिझे जेवणाचा डबा आत सरकवेल. दरवाजा उघडलाच. नेर्मिन लाल ओढणी आणि जड कोट सावरत वर चढत होती.

"तू इथं कुठं? नवरीनं नवऱ्याशेजारी बसायचं!"

"त्याच्याशेजारी जन्मभर बसायचंय. सरका."

मागून इदरिसने भोंगा वाजवला. नुसरेतने अडसर उचलला होताच. गाडीच्या तोंडाचं पातं खाली सोडलं, बर्फ लाटेसारखा उजवीकडे उलटायला लागला आणि वरात निघाली.

पहिली वळणं सोपी होती. रस्त्याच्या कडेला रोवलेल्या उंच लाल काठ्यांची फक्त टोकं वर आली होती. नुसरेत त्या टोकांवर नजर ठेवून चालवत होता. लहानपणी शाळेला सुट्टी लागली की नेर्मिन इथेच बसायची, ह्याच जागी, आईचं ब्लँकेट गुंडाळून. काठी दिसली की ओरडायचं हे तिचं काम. ती ते इतक्या इमानाने करायची की रात्री झोपेतही ओरडायची.

"काठी," नेर्मिन म्हणाली.

त्याने चमकून पाहिलं. ती पुढे बघत होती.

"काठी. बाबा, उजवीकडे जास्त चाललाय तुम्ही."

"मला शिकवतेस?"

"कुणीतरी शिकवायलाच पाहिजे. काठी."

दोघं हसले. कितीतरी दिवसांनी हसले. चढ वाढला तसा वारा सुटला. आरशात मिनीबस कधी दिसायची, कधी नाहीशी व्हायची. गुलिझार आत्या काहीतरी गात असावी, तुटक तुटक ऐकू येत होतं. एका वळणावर वरून घसरलेला बर्फाचा ढीग आडवा पडला होता. नुसरेतने तीनदा मागे घेऊन तीनदा पातं मारलं, तेव्हा कुठे भगदाड पडलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. डोळ्यांत पाणी येत होतं ते उजेडानं की कशानं, हे त्याने पाहायचं टाळलं.

"कशाला करताय एवढं?" नेर्मिनने विचारलं. तिच्या आवाजात आता थट्टा नव्हती. "त्या वेळी वाट बदलली नाही, म्हणून माझं तसं झालं, असं वाटतं ना तुम्हाला? आईनं सांगितलं होतं मला."

त्याने गिअर बदलला.

"वाटेचा काय दोष बाबा? माणूस वाईट होता."

"मला कळत नाही का ते?" नुसरेत एकदम म्हणाला. "पण माणूस थोडाच माझ्या हातात होता? रस्ता तेवढा माझ्या हातात होता. तोही मी तुला दिला नाही."

वायपर कुरकुरत होते. एक काठी आली, गेली. नेर्मिन ओरडली नाही.

"तुम्हाला एक सांगू? मी पहिल्याच वर्षी परत आले असते," ती म्हणाली. "पण निघताना दारात तुम्ही म्हणाला होता, आता ते तुझं घर, मागं वळून बघू नको. सगळेच बाप म्हणतात, मला माहीत आहे. पण मी ते धरून बसले. सहा वर्षं."

हे वाक्य नुसरेतला आठवतही नव्हतं. ते बोलायचं असतं म्हणून तो बोलला होता, जसं सगळे बोलतात. ते वाक्य पोरीने सहा वर्षं उराशी बाळगलं असेल ही कल्पना त्याला सोसवेना.

"मग एक दिवस बसमध्ये बसले," नेर्मिन पुढे म्हणाली. "जानेवारी होता. इथं खालच्या अंगाला बस अडली. लांब रांग. ड्रायव्हर म्हणाला, बसा, बर्फवाला पुढं गेलाय, तो रस्ता करील. मग आम्ही निघालो. मी पुढच्या सीटवर होते. बर्फात काहीसुद्धा दिसत नव्हतं, फक्त पुढं एक नारिंगी दिवा गरगरत होता."

नुसरेतने गाडी थांबवली. पायाला सांगितलं नव्हतं, तो आपला आपण ब्रेकवर गेला.

"तू त्या बसमध्ये होतीस?"

"तुमच्या मागं. मला वाटत होतं, आता घरी गेल्यावर बाबा काय म्हणतील. आणि मग वाटलं, काय म्हणायचं ते म्हणोत. रस्ता तर तेच करून देताहेत."

मागे कोण आहे हे बर्फवाल्याला कधी कळत नाही. त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर त्याने तिला स्वयंपाकघरात पाहिलं होतं, आईच्या कुशीत. कशी आलीस हे विचारायचं धैर्य त्याला झालं नव्हतं, आणि नंतर विचारायची वेळ निघून गेली होती. आता तो रडला. लपवायला आत जायची सोय नव्हती. नेर्मिनने आपल्या लाल ओढणीच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं, तो म्हणाला "अगं लग्नाची आहे ती," आणि ती म्हणाली, "लग्नातच वापरतेय."

मागून इदरिसने भोंग्यावर हात ठेवला तो काढेचना.

"चला," नेर्मिन म्हणाली, "समुद्राकडच्यांना धीर नसतो."

माथ्यावर वारा इतका होता की उतरून नाचायची कुणाची छाती झाली नाही. नवरीचं वळण बर्फाखाली होतं. आज त्याची गरजही नव्हती, सगळा घाटच नवरीचा झाला होता. उतारावर मात्र ढग फाटले आणि खाली बायबुर्तकडचं पांढरं पठार उन्हात लखलखलं. नुसरेत दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरत राहिला. रस्ता संपू नये असं त्याला वाटत होतं, आणि रस्ता संपवणं हेच तर त्याचं काम होतं.

खाली, जिथे जुना रस्ता बोगद्यातून आलेल्या रस्त्याला मिळतो, तिथे सगळे उतरले. गुलिझार आत्याने नुसरेतच्या दोन्ही खिशांत हेझलनट कोंबले. "व्याहीबुवा, साखर दातात धरून चहा पिणाऱ्या माणसांशी वाद घालू नये हे आमच्या इदरिसला आज कळलं," ती म्हणाली, आणि सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. इदरिसने हात मिळवला.

इल्यासने सासऱ्याचा हात ओठांना लावला, मग कपाळाला. "बाबा, काही सांगायचं असेल तर सांगा."

"पुढच्या घाटात उताराला गिअरवर ठेवा, ब्रेकवर नको," नुसरेत म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "आणि हिला गाडीत पुढं बसायला आवडतं."

"बसेल की."

मग नेर्मिन पुढे आली. तिनेही हात ओठांना लावला, कपाळाला लावला, आणि सोडलाच नाही. ह्या वेळी बापाने ते दोन शब्द बोलायचे असतात. नुसरेतने तोंड उघडलं. जुनं वाक्य त्याला बोलायचं नव्हतं आणि नवं कुणी त्याला शिकवलं नव्हतं.

"थंडी आहे," तो म्हणाला. "आत बस."

गाडी निघाली. नेर्मिन काचेतून मागे वळून बघत होती, वळणापर्यंत, आणि नुसरेतला वाटलं, बघ पोरी, हवं तेवढं बघ. लाल ओढणी दिसेनाशी झाली. भोंगा काही वेळ ऐकू येत राहिला, मग तोही नाही. तो तिथे बराच वेळ उभा होता. छातीत रिकामं रिकामं वाटत होतं, घरातून कपाट हलवल्यावर भिंत वाटते तसं.

केबिनमध्ये वायरलेस खरखरला.

"उस्ताद? उतरली का वरात?"

"उतरली."

"सुखरूप?"

"सुखरूप."

"मग तुम्ही बोगद्यातून या परत. दहा मिनिटांत इकडे. चहा नवा टाकतो."

नुसरेतने वर पाहिलं. घाटात एकच बाजू मोकळी झाली होती, जाणाऱ्यांची. तिच्या शेजारी येणाऱ्यांची बाजू तशीच, बर्फाखाली. माथ्याकडे पुन्हा ढग उतरायला लागले होते. त्याने गाडी फिरवली, तोंड चढाकडे केलं.

"इकडची बाजू राहिलीय अजून," तो म्हणाला.

"इकडची म्हणजे?"

"समुद्राकडून येणाऱ्यांची."

"उस्ताद," यावुझ समजूत घालावी तसं म्हणाला, "घाट बंद आहे. बोगदा आहे ना आता. वरून कोण येणार आहे?"

नुसरेतने दांडी ओढली. पातं खडखडत खाली आलं, रस्त्याला टेकलं आणि तो सावकाश घराच्या दिशेने बर्फ सारत निघाला.